पावणेपाचच्या दोन रिंग

नेल्लिगुड्डे, ४ फेब्रुवारी

प्रेसी,

माझं अक्षर पाहून कोणी गेलं असं समजू नकोस. जायचे ते तुझे डॅडी, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तू सकाळी आलीस आणि माती पडल्यावर संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस, तेव्हा ते तुला ठाऊक आहे.

दर रविवारी चर्चमध्ये मास संपल्यावर मी तुला फोन करते. तो तू उचलत नाहीस. कापतही नाहीस, नुसता वाजू देतेस. म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही.

मला रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण गावच्या हायस्कूलने मला अजून सोडलेलं नाही. डिसेंबरात हेडमास्तर करुणाकर रै घरी आले. म्हणाले, "टीचर, दहावीची कच्ची मुलं आम्ही एकेका शिक्षकाला दत्तक दिली आहेत. मुलं बत्तीस, शिक्षक सहा. तुम्ही पाच घ्या."

मी म्हटलं, "पोटचं एक होतं, त्याचं मी काय केलं ते गावाला माहीत आहे."

त्यांनी ऐकलंच नाही असं केलं आणि कॉफी प्यायले.

तर पाच मुलं घेतली. शाळा सुटली की ती चर्चच्या हॉलमध्ये येतात. अभ्यास कसा करायचा ते मी शिकवते, कारण ते त्यांना दहा वर्षांत कोणी शिकवलेलं नाही. पुस्तक मिट आणि काय आठवतं ते सांग, म्हटलं की बिचारी माझ्याकडे असं बघतात जसं काही मी कपडे काढायला सांगितले. वरच्या ऑफिसातून ‘पासिंग पॅकेज’ आलं आहे: हृदयाची आकृती, भारताचा नकाशा, दोन कविता पाठ, चार प्रमेयं. एवढ्यावर मुलाला ढकलून पार करायचं. नाव तरी काय, पॅकेज. जशी काही उटीची सहल. जिल्ह्याचा नंबर वर यायला हवा ना, मुलांचं डोकं वर येवो न येवो.

आणि पहाटेचा फोन. तेही वरूनच आलं आहे. पावणेपाचला मी प्रत्येकाला दोन रिंग देते. मुलाने फोन कापायचा आणि उलटा मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे, टीचर, मी जागा आहे. चार जणांना तीन-तीनदा वाजवावं लागतं. एकीला कधीच लागत नाही. अश्विता पूजारी. माझी दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत तिचा उलटा कॉल हजर. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, माझं जुनं शाईचं पेन तिला बक्षीस दिलं.

काल पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला आले. अश्विताच्या उत्तरपत्रिकेत पहिल्या पानावर नंबर लिहिलेला, सुवाच्य. मग प्रत्येक पानाला पट्टीने समास आखलेला. सोळा पानं. बाकी काही नाही.

मी तिला बोलावलं. "हे काय?"

ती म्हणाली, "पेपर आहे, टीचर."

"उत्तरं कुठे आहेत?"

तिने पानं उलटली. शांतपणे, एकेक. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी लिहिली होती."

ती खोटं बोलत नव्हती, प्रेसी. चाळीस वर्षं मुलांचं खोटं ऐकलं आहे, मला ते वासाने कळतं. आपण उत्तरं लिहिली असं तिला खरोखर वाटत होतं. तिच्या डोळ्यांखाली जे होतं ते मी आधी एकदा पाहिलं आहे. एकोणनव्वद सालच्या मार्चमध्ये, आपल्या जेवणाच्या टेबलावर, तुझ्या डोळ्यांखाली.

तिची परीक्षा तेवीस मार्चला सुरू होते. त्या दिवशी ती हॉलतिकीट घेऊन घरातून निघेल आणि केंद्रावर पोचणारच नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तू पोचली नव्हतीस. संध्याकाळी सातला परत आलीस, आणि कुठे होतीस ते सव्वीस वर्षांत सांगितलं नाहीस. मीही नंतर विचारलं नाही. लोकांना मी टायफॉइड झाला होता म्हणून सांगितलं.

आता विचारते. माझ्यासाठी नाही. कुठे गेली होतीस?

मम्मी

१५ फेब्रुवारी, रविवार

प्रेसी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

आज मासनंतर फोन केला नाही. अश्विताच्या घरी गेले. तिची आई वारिजा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. ती बोलताना वर बघत नाही, हात चालूच राहतात.

"या टीचर. खुर्ची नाही, त्या पाटावर बसा. पाट हलतो, पण पाडत नाही."

"अश्विता कुठे आहे?"

"नळावर. तुम्ही आलात हे कळलं तर घागर टाकून पळत येईल. आमच्याकडे देवानंतर तुम्हीच. देव निदान पहाटे फोन करत नाही."

मी हसले. मग विचारलं, "रात्री किती वाजता झोपते ती?"

वारिजाचे हात थांबले.

"टीचर, झोपायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय ना?"

"मी? मी कधी सांगितलं?"

"पहिल्या दिवशी तिला चौथ्या रिंगला जाग आली. तुम्ही वर्गात बोललात तिला. घरी येऊन रडली. तेव्हापासून भिंतीला टेकून बसते, फोन मांडीवर. डोळा लागू नये म्हणून पाय बादलीतल्या पाण्यात. तुमचा फोन येऊन गेला की मग थोडी लवंडते, तोवर मी उठवते, पाणी भरायचं असतं."

दोन महिने, प्रेसी. मी रोज पहाटे त्या मुलीचा मिस्ड कॉल बघून मनात म्हणत होते, हिला शिस्त आहे. ती उठत नव्हतीच. ती झोपतच नव्हती.

पहिल्या दिवशी मी काय बोलले होते ते मला नीट आठवतं. "चौथ्या रिंगला उठणारी मुलगी जन्मभर चौथ्या रांगेत बसते." मुलं हसली होती. मलाही ते वाक्य आवडलं होतं. बादलीची युक्तीही माझीच. मंगळूरच्या बोर्डिंगात आम्ही पाण्यात पाय घालून अभ्यास करायचो, मदर रोझा घंटा वाजवत फिरायच्या, ही गोष्ट मी दर वर्षी सांगते. गंमत म्हणून सांगते.

मी वारिजाला म्हटलं, "अगं, मग तू मला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "मला वाटलं अभ्यास असाच असतो. मी कुठे शाळेत गेलेय? तुम्ही टीचर आहात."

तेवढ्यात अश्विता आली. मला पाहून तिने आधी फोन कुठे आहे ते पाहिलं. रविवारी सकाळी साडेदहाला.

गेल्या पत्रात टायफॉइडचं लिहिलं. बाकीचंही लिहिते. मी तुला उठवायला तांब्या घेऊन यायचे, ते मी विसरलेले नाही. सावंतीण समोरच्या घरातून म्हणायची, "टीचर, पोरीला रोज बाप्तिस्मा देता वाटतं." मी तिला सुनावलं होतं की ज्यांची मुलं दुकानात बसणार आहेत त्यांनी बोलू नये. शेवटचे नऊ दिवस तांब्याऐवजी घंटा होती. ती अजून स्वयंपाकघरात आहे.

मी उद्यापासून अश्विताला पहाटेचा फोन करणं बंद करते. मग ती झोपेल. दुसरं काय करू, मला कळत नाही. तू रात्रपाळीची नर्स आहेस, माणसं झोपत नाहीत तेव्हा काय करायचं ते तुला माहीत असेल. त्या जुन्या गोष्टीचं उत्तर देऊ नकोस हवं तर. याचं दे.

मम्मी

२६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी बारा

अश्विता सकाळी शाळेला म्हणून निघाली ती शाळेत पोचली नाही.

मला सगळ्यांनी घरी फोनजवळ बसवून ठेवलं आहे. म्हातारी माणसं मध्ये येतात. वारिजाचा भाऊ आणि दोन पोरं नदीकडे गेली आहेत. हेडमास्तर दोघांना घेऊन सुपारीच्या बागांमधून विहिरी बघत चालले आहेत. विहिरी हा शब्द ते माझ्यासमोर बोलले नाहीत. बाहेर गेल्यावर बोलले, मी ऐकला.

लिहिलं नाही तर मी ओरडेन.

फोन बंद केला त्याच्या दुसऱ्या पहाटेपासून पावणेपाचला माझाच फोन वाजायला लागला. दोन रिंग आणि बंद. अश्विता. मी केला नव्हता तरी ती उलटा देत होती. मी तिला बोलावून सांगितलं, "तुला फोन नाही, तू झोप." चारचौघांत सांगितलं, कारण मी सगळंच चारचौघांत सांगते. तिच्याबरोबरचं एक कार्टं म्हणालं, "हिला टीचरनी दत्तकातून काढलं. पुढच्या वर्षी परत दहावी." या शाळेत फोन बंद होणं म्हणजे शिक्षकाने हात टेकले, हे प्रत्येक मुलाला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. तिचे पहाटेचे फोन चालूच राहिले, आज पहाटेपर्यंत.

आणखी एक आहे ते तुला सांगितलंच पाहिजे. तुझं पत्र परवा, मंगळवारी आलं. मी ते उघडलं नाही. जमशेदपूरचा शिक्का बघितला आणि ते घरच्या वेदीवर, तुझ्या डॅडींच्या फोटोमागे ठेवलं. दोन दिवस त्याच्यासमोर रोझरी म्हटली आणि त्याला हात लावला नाही. सव्वीस वर्षं मी काय काय कल्पना केली आहे, ते तुला लिहिणार नाही. त्यातली कुठली खरी निघेल याची मला भीती वाटत होती.

आता उघडते.

त्याच दिवशी, रात्री आठ

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं. त्यातल्या ओळी इथे परत लिहिते, कारण मी त्या बरोबर वाचल्या ना, याची मला अजून खात्री नाही.

"मम्मी, मी कार्कळच्या बसमध्ये होते. मला परीक्षा चुकवायची नव्हती. केंद्राच्या स्टॉपवरच उतरायचं होतं. खिडकीला डोकं टेकलं आणि डोळा लागला. नऊ रात्री घंटेची वाट बघत जागी होते. कंडक्टरने मला उठवलं नाही, त्याला वाटलं आजारी आहे. बसने फेऱ्या केल्या. जाग आली तेव्हा दीड वाजला होता. मग घरी यायची भीती वाटली म्हणून स्टँडवर बसून राहिले. घरी आले तर तू फादरांसमोर, शेजाऱ्यांसमोर मला थोबाडीत मारून विचारलंस, कोणाबरोबर होतीस. झोपले होते म्हटलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास?"

नसता ठेवला.

आणि खाली लिहिलंस, "त्या मुलीचा फोन बंद करू नकोस. ती तरीही जागीच राहील, आणि वर एकटी पडेल. आम्ही वॉर्डात पेशंटला सांगतो, तुम्ही झोपा, मी जागी आहे. कोणीतरी जागं आहे हे कळलं की माणूस झोपतं."

हे मंगळवारपासून माझ्या घरात होतं, प्रेसी. फोटोमागे.

पण त्या पत्राने एक गोष्ट झाली. माझ्या डोळ्यांसमोरून विहीर गेली. मला वाटलं, ती कुठेतरी झोपली असेल. जिथे तिला कोणी हाक मारणार नाही अशा जागी. फोन सोडून मी निघाले. सावंतीण कुंपणावरून म्हणाली, "टीचर, पायात चप्पल नाही." खरंच नव्हती.

हॉलची किल्ली अश्विताकडे असते, कारण संध्याकाळी ती सगळ्यांत आधी येते. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्टेजच्या मागे ख्रिसमसचा गोठा ठेवलेला असतो, पेंढा, मेंढरं, ते एका कानाचं गाढव. मधोमध पेंढ्यात ती पडली होती. कुशीवर, तोंड उघडं, फोन हातात.

मी खाली बसले आणि तिच्या नाकासमोर हात धरला. तो एक क्षण कसा होता ते मला लिहिता येत नाही. हाताला ऊब लागली.

मी तिला उठवलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी झोपलेल्या मुलाला उठवलं नाही. फादरांच्या स्वयंपाक्याला खुणेने बोलावून निरोप पाठवला. वारिजा धावत आली, पदर सुटलेला, हाताला तंबाखू. दारातच तिने हात उगारला. मी तो धरला. एवढा जोर माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

"मारायचं असेल तर मला मार," मी हळू म्हटलं.

"तुम्हालाच मारणार होते," ती तितक्याच हळू म्हणाली. मग तीही पेंढ्यात बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली, आवाज न करता. हेडमास्तर आले, दारातून पाहिलं, आणि बूट काढून हातात घेऊन परत गेले. तो माणूस मला पहिल्यांदाच जरा बरा वाटला.

अश्विता संध्याकाळी पाचला उठली. आम्हाला पाहून म्हणाली, "टीचर, रिंग वाजली?"

मी म्हटलं, "नाही बाळ. अजून वाजायची आहे. मी वाजवणार आहे. तुला मी सोडलेलं नाही."

वारिजाशी बोलून ठरलं. परीक्षा संपेपर्यंत ती रात्री आमच्याकडे झोपेल. तुझ्या खोलीत. तुला चालेल ना, हे आधी विचारायला हवं होतं. फोन माझ्या उशाशी राहील. घंटा मी मागच्या परसात पुरली. सावंतिणीने पाहिलं, उद्यापर्यंत गावात मी सोनं पुरलं म्हणून होईल.

मम्मी

२३ मार्च, परीक्षा केंद्राबाहेर, फणसाखाली

प्रेसी,

वही मांडीवर घेऊन लिहिते आहे. आज कन्नडचा पेपर. ती साडेदहाला आत गेली. पावणेदोनला सुटेल.

महिनाभर ती तुझ्या कॉटवर झोपली. पहिल्या चार रात्री नाही झोपली. मी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि ती अंधारात विचारायची, "टीचर, तुम्ही जाग्या आहात?" मी म्हणायचे, "आहे. तू झोप." पाचव्या रात्री तिने विचारलं नाही. मी पाठ टेकायला उठले तर खुर्ची वाजली आणि मी तशीच उभी राहिले. ती हलली नाही.

अभ्यास आम्ही निम्मा केला. पॅकेजातलंही सगळं झालं नाही. हेडमास्तर म्हणाले, "टीचर, नकाशा राहिला." मी म्हटलं, "भारत कुठे जात नाही."

पण आजची पहाट. मी तिला सांगितलं होतं, सातला उठवीन. साडेसहापासून मी तिच्या दारात उभी होते. तिचा खांदा पांघरुणाबाहेर होता. मला पुढे जाता येईना. मला वाटलं, मी हात लावला की ती पुन्हा तशी होईल, सोळा कोरी पानं. नाही उठवलं तर तिचं वर्ष जाईल. उठवलं तर काय जाईल ते मला माहीत आहे, मी ते एकदा घालवलं आहे. सात वाजले. सात पाच झाले. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेली मी मास्तरीण, एका मुलीला ऊठ म्हणायला घाबरून दाराची चौकट धरून उभी.

तेव्हा माझ्या खोलीत उशाशी ठेवलेला फोन वाजला. दोन रिंग आणि बंद. जाऊन पाहिलं. तुझा नंबर.

तुझी पाळी सातला सुटते, मला माहीत आहे. चुकून लागला असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण दोनच रिंग, प्रेसी. त्या किती द्यायच्या हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

मी जाऊन तिच्या कॉटवर बसले आणि म्हटलं, "अश्विता, सात वाजले." तिने डोळे उघडले. मी कोण, ती कुठे, हे कळायला तिला क्षणभर लागलं. मग म्हणाली, "अजून पाच मिनिटं." हे वाक्य तू मला कधी म्हणाली नाहीस. म्हणायची सोय नव्हती. मी पाच मिनिटं दिली. दहा दिली.

आता साडेअकरा. इथून वर्गाची खिडकी दिसते, पण तिची रांग दिसत नाही. वारिजा शेजारी बसली आहे. सूप आणलेलं नाही, तर हातांचं काय करावं ते तिला कळत नाही. फणसाची पानंच वळते आहे. "टीचर, आत झोपली तर?" तिने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "गप बस, मी तेच स्वतःला विचारते आहे."

मला खूप भीती वाटते, प्रेसी. मुलांना ही भीती मी वर्षानुवर्षं वाटत आले, ती कशी असते ते मला माहीत नव्हतं.

पावणेतीन, बसमध्ये

ती बाहेर आली. मी आधी तिचे हात पाहिले. मधल्या बोटाला माझ्या पेनाची शाई, दुसऱ्या पेरापर्यंत.

"लिहिलंस?" मी विचारलं.

"लिहिलं, टीचर. दोन प्रश्न राहिले. येत नव्हते." मग थोडी घाबरून म्हणाली, "शेवटी पंधरा मिनिटं उरली, म्हणून डोकं टेकलं. डोळा लागला."

वारिजाने माझा दंड घट्ट धरला.

"कोणी उठवलं तुला?"

"कोणी नाही. मीच उठले."

आत्ता ती खिडकीला डोकं लावून झोपली आहे. कंडक्टर दोनदा येऊन गेला. मी त्याला सांगितलं आहे, आमचा स्टॉप आला तरी हिला उठवायचं नाही, बस पुढे जाऊ दे, आम्ही परतीच्या फेरीला उतरू. तो म्हणाला, "बाई, तिकीट?" मी म्हटलं, "लागेल तेवढं घे."

रविवारी मासनंतर मी फोन करीन. दोनच रिंग देईन. उचलला नाहीस तरी चालेल. कापलास तरी कळेल.

मम्मी